श्रावणच्या अंगठ्याचं नख

आमच्या घरात सगळ्यात जास्त काळजी कोणाची घेतली गेली असेल, तर पायाच्या एका नखाची.

नख माझ्या धाकट्या भावाचं, श्रावणचं. तो बालाघाटला राइस मिलमध्ये पोती उचलायचा आणि रोज पहाटे वैनगंगेच्या पुलापर्यंत पळून यायचा. पळून पळून, बुटात आपटून त्याच्या उजव्या अंगठ्याचं नख जांभळासारखं काळं पडलं होतं, मुळातून हलत होतं. पण गडी कधी 'अगाई' म्हणेल तर शपथ! आणि रविवारी लामता ते बालाघाट शर्यत. पहिल्याला जबलपूरच्या स्पर्धेला पाठवणार होते. गेल्या वर्षी याच नखापायी तो दुसरा आला होता.

मी मोठा भाऊ, कचेरीत कारकून आणि श्रावणचा स्वयंघोषित गुरू. (स्वतः मी बस पकडायलाही कधी पळालो नाही.) शनिवारी रात्री मी फर्मान काढलं, "बुटाले अंगठ्यापाशी भोक पाडतो. बूट लागलाच नाई, तं दुखंल कायले?"

"हौ दादा," म्हणून श्रावण जेवून झोपला.

पण मायनं सकाळीच आपला उपाय उरकला होता. मेंदीनं नख घट्ट होतं म्हणून अंगठ्यावर मेंदी थापली. एकाच पायाला लावणं बरं नव्हे, म्हणून दुसऱ्याला. आणि बाकीच्या बोटांनी काय पाप केलं, म्हणून दहाही बोटांना! मी कात्री घेऊन त्याच्या पायाशी बसलो, तर समोर नवरीसारखी दहा लालभडक नखं, मिणमिणत्या दिव्यात सगळी सारखीच. आता दुखरं कोणतं? उजवं, हे पाठ होतं. पण त्याच्या उजवीकडचं, की समोर बसलेल्या माझ्या?

"माय, याचा कोणता अंगठा दुखते?"

"मले आता काय ध्यानात! म्या तं दाहीले लावली. अन् उठवू नको त्याले, उद्या पळायचं हाय!"

मी उजवा अंगठा दाबला. श्रावण हलला नाही. डावा दाबला. तो झोपेत किंचित हसला. (गुदगुल्या झाल्या असाव्यात.) मला ती कळ वाटली! डाव्या बुटाला छान गोल भोक पाडलं आणि जोडी पिशवीत बांधून टाकली.

रविवारी लामत्याला श्रावणनं बूट चढवले. डाव्यातून धडधाकट अंगठा बाहेर डोकावत होता. दुखरा उजव्यात कोंबलेला.

"दादा..."

"काय रे?"

"काई नाई. हवा मस्त लागून राह्यली."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला! कात्री घरी. बाजूला एक आजोबा सुपारी कातरत होते. मी त्यांच्या हातातला अडकित्ता हिसकावला.

"अबे बाबू, सुपारीचा सरोता हाय तो!"

"आजोबा, नखाचा जीव चालला!"

उजव्या बुटाचं नाक कापून होईपर्यंत बाकीचे कधीच सुटले होते. श्रावण सगळ्यांच्या मागून निघाला. मी तोंड पाडून बालाघाटच्या छोट्या रेल्वेत बसलो. वाटेत एका ठिकाणी रस्ता रुळांजवळ आला आणि श्रावण दिसला. तिसरा! दोन लाल अंगठे उन्हात चमकत होते. गाडी त्याच्या पुढे गेली की तो गाडीच्या, यावर डब्यात मतभेद झाले.

बालाघाटला तो पहिला आला. लोक बुटांकडे बोट दाखवू लागले, तर हा पठ्ठ्या सांगतो, "माह्या दादाची युक्ती हाय! एकाच बुटाले भोक पाडलं तं तोल जाते न!"

माझी छाती फुगली. तेवढ्यात त्यानं उजवा बूट काढला, नुसतं टेकून राहिलेलं नख फूल तोडावं तसं अलगद उचललं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. "धर दादा, तूच सांभाळलं याले."

पुढचं मला आठवत नाही. शुद्धीवर आलो, तेव्हा हार श्रावणच्या गळ्यात होता आणि फोडलेला कांदा माझ्या नाकाशी. लामत्याहून पळत आलेल्या त्या माणसानं, रेल्वेनं बसून आलेल्या मला, पाठीवर घेऊन घरी नेलं.