फिलेनाच्या डोळ्यांचा रंग

माझा धाकटा भाऊ असाहेल आधी गाड्या रंगवायचा, मग दुकानांच्या पाट्या आणि मग माणसं. व्हरमाँटच्या आमच्या खोऱ्यात तेव्हा चित्रकार म्हणजे गावोगाव हिंडून जेवणावारी राहणारा माणूस. शिकवायला कोणी नव्हतं. चेहरे तो जमवायचा, पण कान काही केल्या येत नसत. शेवटी त्याने एकदा मला खुर्चीत बसवून माझा कान घोटला आणि तोच सगळ्यांना लावला. आजही खोऱ्यातल्या निम्म्या दिवाणखान्यांत माझे कान टांगलेले आहेत, पाद्रीबाबांच्या डोक्यालासुद्धा!

पुढे चांदीच्या पत्र्यावर छबी उमटवणारी पेटी आली. असाहेल बॉस्टनला जाऊन ती विद्या शिकून आला आणि कुंचले माळ्यावर गेले. गिऱ्हाइकाची मान मागून लोखंडी चिमट्यात अडकवायची, हलायचं नाही, हसायचं नाही. मग पत्रा पाऱ्याच्या वाफेवर धरला की माणूस उमटायचा. त्या वाफेने सहा वर्षांत त्याचा हात कापायला लागला. मी बडबडायचे, पण ऐकतो कोण?

त्या छबीत एक खोट होती. ती उलटी यायची, उजवं ते डावं. असाहेलला हे ठाऊक होतं, पण त्याने गावात कधी सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही, कारण आपलं तोंड माणसाला आरशातूनच माहीत असतं. जो तो आपली छबी बघून म्हणायचा, "हुबेहूब!"

मग गिरणीवाल्या हॅचची फिलेना तापाने गेली. सहा वर्षांची पोर. आमच्याकडे गेलेल्या मुलाची छबी काढून ठेवायची रीत आहे. असाहेलने तिला खिडकीपाशी झोपवून छबी घेतली. दफन झाल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं मखमली डबीत घालून ती द्यायला गेलो.

लोव्हिसाने, म्हणजे तिच्या आईने, डबी उघडली, बघितली आणि मिटून परत केली.

"ही कोण?"

"लोव्हिसा, अगं, फिलेना आहे," मी म्हटलं.

"भुवईवरचा व्रण कुठे आहे बघ. ती चुलीच्या कोपऱ्यावर पडली तेव्हा रक्त मी पुसलंय, केझाया. उजवी भुवई होती. ही माझी नाही."

असाहेलचा चेहरा पडला. "चूक माझी आहे. छबी उलटी येते. आरशात दिसावं तशी. तिने स्वतःला अशीच बघितली असेल."

"तिने बघितली असेल. मी तिला आरशात नाही बघितली, असाहेल. मांडीवर बघितली."

तिच्याकडे लेकीचं दुसरं चित्र नव्हतं, आणि पोर तर मातीखाली गेली होती.

घरी आल्यावर असाहेलने माळ्यावरून कुंचले काढले. डबी आरशासमोर उभी केली, म्हणजे व्रण आपल्या जागी आला, आणि आरशात बघून तो रंगवायला बसला. उजवा हात कापे म्हणून तो डाव्या हाताने धरायचा. मी रंग घोटून देत होते. हनुवटी आली, केस आले. या खेपेला कानही तिचेच आले. अडलं ते डोळ्यांपाशी. छबीतले डोळे मिटलेले, आणि पत्र्यावर रंग कुठला असायला?

"मिटलेलेच काढ रे, कोण नावं ठेवणार आहे?" मी म्हटलं.

"नाही. चित्राची फळी उचल, आपण गिरणीवर जाऊ."

दफनापासून लोव्हिसाने मान वर केली नव्हती. नवऱ्याशीही ती जमिनीकडे बघून बोलायची. असाहेलने विचारलं, "फिलेनाचे डोळे कोणत्या रंगाचे होते?"

ती रडवेली होऊन म्हणाली, "मला सांगता येत नाही रे. आई असून सांगता येत नाही! सगळे म्हणायचे, माझ्यावर गेलेत."

"मग वर बघ."

तिने हळूहळू मान उचलली. डोळे हिरवट होते, कडेला थोडे तपकिरी. मला ती माझी शेजारीण आजवर धड दिसलीच नव्हती असं वाटलं.

रोज दुपारी ती खिडकीत बसायची. पहिले काही दिवस नुसती रडली. पाचव्या दिवशी म्हणाली, "असाहेल, किती छळतोस! मान अवघडली माझी." सहाव्या दिवशी नवरा दारातून डोकावला तर त्याच्याकडे बघून म्हणाली, "चहा ठेवा ना जरा." त्या माणसाने किटली चुलीवर ठेवली, पण तो पाणी घालायचंच विसरला. नवव्या दिवशी चित्र तिच्या हातात दिलं. तिने आधी भुवई बघितली, मग डोळे, आणि चित्र मांडीवर घेऊन बसली.

परतताना मी असाहेलला धारेवर धरलं. "रंग मी घोटत होते, मला फसवू नकोस. डोळे तिसऱ्या दिवशीच झाले होते. पुढे सहा दिवस कोरडा कुंचला फिरवत काय बसला होतास?"

तो कापरा हात खिशात घालून चालत होता. म्हणाला, "ती वर बघत होती ना, केझी."