कासिमचाचांची रेघ

अफशीन शांत बसलेली मी पाहिलेली नाही. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. म्हणजे जागा तिची आहे, एवढंच. गेलं वर्षभर तिच्या डोक्यात एकच भुंगा होता. चित्रं काढायचा एक जुना मुक्त प्रोग्रॅम, कोणीही फुकट वापरावा, कोणीही दुरुस्त करावा असा. त्याच्या खिडक्या, मेन्यू, बटणं ज्या टूलकिटवर बांधली होती, ते इतकं जुनाट झालं होतं की नव्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम उघडेचना. तो नव्या टूलकिटवर आणायचं काम हिने अंगावर घेतलं. पगार शून्य, चिडचिड भरपूर.

सगळं वडिलांसाठी. कासिमचाचा नारायण पेठेतल्या आपल्या दुकानात लग्नपत्रिकांच्या कडेची वेलबुट्टी याच प्रोग्रॅमवर काढतात. त्यांचा कॉम्प्युटर अखेरच्या घटका मोजत होता आणि दुसरं काही शिकायला ते तयार नव्हते. "हा बंद पडला की मीही दुकान बंद करणार," असं त्यांनी सांगून टाकलं होतं. त्यामुळे अफशीन डबा उघडा टाकून कोड तपासायची. तिच्याकडे बघून मलाच धाप लागायची.

शेवटी जमलं. जुना प्रोग्रॅम कॉम्प्युटरला जोडलेल्या पेनाच्या मोजक्याच जागा टिपायचा आणि मधली रेघ स्वतः जोडायचा, त्यामुळे रेघ हाताच्या मागे रेंगाळायची. तो आळस तिने पार काढून टाकला. आता हाताची बारीकशी हालचालही लगेच पडद्यावर. परदेशातल्या अनोळखी लोकांनीसुद्धा तिची पाठ थोपटली.

रविवारी आम्ही दोघी दुकानात गेलो. नवा कॉम्प्युटर मांडला, प्रोग्रॅम उघडला. चाचांनी पेन हातात घेऊन वेल काढली. रेघ करवतीसारखी दातेरी आली. पुन्हा काढली, पुन्हा तशीच. अफशीनने त्यांच्या हातातून पेन जवळजवळ हिसकावलंच आणि स्वतः रेघ ओढली. ती स्वच्छ आली.

"बग आहे, अब्बा," तरीही ती घाईघाईने म्हणाली. "संध्याकाळपर्यंत काढते."

"बग नाही, बेटा," चाचा म्हणाले. "माझा हात आहे तो. जुन्यात दिसत नव्हता, म्हणून कोणाला सांगितलं नाही."

अफशीनने कीबोर्ड पुढे ओढला, मग तसाच सोडला आणि त्यांचा हात घट्ट धरला. तिच्या मुठीतही तो थरथरत होता.