‘आई’ लिहिलेली कॅसेट

आयुष्यातला सगळ्यात मोठा मूर्खपणा मी अतिशय वळणदार अक्षरात केला. निळ्या बॉलपेननं, एका कॅसेटवर लिहिलं : आई. खाली रेघसुद्धा ओढली, कारण शाळेत मथळ्याखाली रेघ ओढायला शिकवलं होतं, आणि मी तेव्हा शिकवलेलं सगळं करणारी बाई होते.

त्या कॅसेटचा आणि आईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, काहीही संबंध नव्हता. तिच्यात विलायतेतली आणि अमेरिकेतली काही पोरं होती. त्यांना गाता येत नव्हतं, वाजवता त्याहून कमी येत होतं आणि या दोन्ही गोष्टींचं त्यांना काडीचं वाईट वाटत नव्हतं.

हे सगळं वर आलं ते नातीमुळे. कुवेतमध्ये, सलवा भागातल्या आमच्या घरात तिची खोली माझ्या खोलीला लागून आहे. परवा तिनं चांगल्या नव्याकोऱ्या काळ्या टी-शर्टच्या बाह्या कात्रीनं उडवल्या आणि माझ्या डब्यातल्या साडीच्या पिना मागायला आली. मला वाटलं, फाटलं ते जोडायला हव्यात. तर तिला त्या न फाटलेल्या जागी लावायच्या होत्या. मग तिच्या स्पीकरवर सुरू झालं ते. मी मेथी निवडत होते. माझा पाय हलायला लागला.

“आजी, तुला हे आवडतं?”

“ढोल वाजवणाऱ्याला घाई आहे,” मी म्हटलं. “त्याला हे गाणं संपवून पुढचं गाठायचंय. असंच असतं त्यांचं.”

“इट्स अर्ली पंक, आजी. एकदम रॉ. यू वोन्ट गेट इट.”

“मला हे कळलं तेव्हा तुझा बाप जन्मला नव्हता.”

तिनं स्पीकर बंद केला. ही पोरगी जेवायला बोलावलं तरी स्पीकर बंद करत नाही.

मग मी तिला सांगितलं ते इथं लिहिते आहे. तिला सांगताना मी स्वतःला जरा बरी दाखवली होती. इथं तेवढी लबाडी करत नाही.

लग्न होऊन कुवेतला आले तेव्हा आम्ही मिरकाबमध्ये राहत होतो. हे तिथल्याच एका ऑफिसात हिशेबनीस होते, दुपारी चालत जेवायला यायचे. मी त्या काळी कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे तिथल्या वाण्याकडून, दही आणायला इस्त्रीची साडी नेसून जायची. बकालेवाल्यानं ताकासारखं आंबट दही दिलं तरी त्याला “शुक्रन” म्हणायची, आणि घरी येऊन त्याची कढी करायची. कुणाचा धक्का लागला तर मीच माफी मागायची. एकदा तर दाराची मागितली होती.

अशा बाईला नोकरी करायची इच्छा झाली. जवळच्या एका भारतीय शाळेत बालवर्गाला बाई हव्या होत्या. मुख्याध्यापिकेनं मला पाहिलं, चार प्रश्न विचारले आणि सांगितलं, शाळेचं नवं वर्ष सुरू व्हायच्या आत हो की नाही ते कळवा. मी पायऱ्या उतरताना गाणं गुणगुणत होते. घरी यांना सांगितलं. यांनी भाताचा घास संपवला, पाणी प्यायले आणि म्हणाले, “आईला विचार.”

हे कधी ‘नाही’ म्हणायचे नाहीत. नाही म्हणायचं खातं त्यांनी कायमचं पेणला, आईंकडे ठेवलं होतं.

आता विचारायचं कसं? फोन म्हणजे नंबर लावून बसायचं, आणि लागला की दोन्हीकडून “हॅलो, हॅलो” करण्यातच तो संपायचा. म्हणून आम्ही आखातातली मंडळी कॅसेटी भरायचो. पत्र लिहायचं ते बोलायचं, आणि कुणी रजेवर गावी निघालं की खजूर, दूध पावडरचा डबा यांच्याबरोबर कॅसेट द्यायची. पेणला यांनी नेऊन दिलेला टेपरेकॉर्डर होता. आईंनी त्याला क्रोशाचं टोपरं विणलं होतं. कॅसेट आली की आळीतल्या बायका ऐकायला जमत, त्यामुळे आमचे घरगुती निरोप हे सार्वजनिक कार्यक्रम असत.

मी आठवडाभर तालीम केली. मग आवाज नको म्हणून एसी बंद करून, घामाघूम होऊन, कॅसेटची अख्खी बाजू भरली. आधी हवापाणी, मग सगळ्यांच्या तब्येती, मग आईंच्या हातच्या मेतकुटाची स्तुती, आणि अगदी शेवटी नोकरी. तीही अशी गुंडाळून की आईंना वाटावं, ही कल्पना त्यांनाच सुचली.

दुसऱ्या कॅसेटचं असं. समोरच्या फ्लॅटमध्ये गोव्याची एक नर्स राहायची. तिचा भाऊ बोटीवर होता, त्यानं विलायतेतून तिला ती भरून आणून दिली होती. “आईला विचार” झालं त्याच दिवशी ती साखर मागायला आली, माझं तोंड पाहिलं, साखर न घेताच परत गेली आणि कॅसेट घेऊन आली.

“तुका राग येता मगो?” ती म्हणाली. “मग हें आयक.”

मला राग येत नाही, असं मी तिला अत्यंत गोड आवाजात सांगितलं. संध्याकाळी कणीक मळताना कॅसेट लावली. पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी जिन्यावरून भांड्यांची मांडणी ढकलून दिली. ते संपायच्या आत दुसरं. गिटार म्हणावं तर पत्रा कापायची करवत. गाणारा गात नव्हता, तो नळावर पाणी गेल्यावर माणसं बोलतात तसं बोलत होता. एक मुलगी होती. ती गाणं सुरू व्हायच्या आधीच किंचाळायची आणि मग त्याच पट्टीत पुढे. शब्द मला चारातला एक कळायचा. पण ती कुणाची माफी मागत नाहीये, एवढं नक्की कळत होतं. त्या दिवशीची कणीक इतकी मळली गेली की हे म्हणाले, आज पोळ्या काय मऊ झाल्यात.

मग रोज कणकेच्या वेळी ती कॅसेट. हे घरी यायच्या आत बंद. यांना नाट्यसंगीताचा नाद, कॅसेटींच्या खणात सतत उचकाउचकी करायचे. तिथं ही सापडली तर? तेव्हा मला ती युक्ती सुचली. पेणच्या कॅसेटींना हे हात लावायचे नाहीत, कारण हात लावला तर “तुम्ही पण दोन शब्द बोला” असं मी म्हणायची. म्हणून मी त्या आरडाओरड्यावर ‘आई’ लिहिलं. खाली रेघ. स्वतःच्या हुशारीवर इतकी खूश होते की त्या दिवशी शिरा केला.

खरी कॅसेट, माझी विनवणीची, टेपमध्येच होती. पाठवायच्या आधी पुन्हा एकदा ऐकू म्हणून तिच्यावर काही लिहिलंच नव्हतं.

एका दुपारी मी गच्चीवर कपडे वाळत घालून खाली आले तर हे म्हणाले, “ऑफिसातला एक जण आज रात्री निघतोय, त्याच्याकडे खजूर दिले. आईची कॅसेट पण दिली.”

“बरं झालं,” मी म्हटलं. खरंच, बरं झालं म्हटलं.

संध्याकाळी परात घेतली, टेपमध्ये काय आहे ते न बघता बटण दाबलं, आणि टेपमधून मी बाहेर आले.

“तीर्थरूप आईंस साष्टांग नमस्कार. इकडे हवा अतिशय छान आहे.” बाहेर धुळीचं वादळ होतं, समोरची इमारत दिसत नव्हती. पिठाचे हात तसेच ठेवून मी अख्खी बाजू ऐकली. एवढा तुपाळ आवाज मी कुठं ऐकला नव्हता. ती बाई नोकरी मागत होती, पण मिळाली तर तिलाच संकोच होईल अशी मागत होती. मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. मग लक्षात आलं की ही जर इथं आहे, तर पेणला कोण निघालंय.

मी समोरचं दार वाजवलं. नर्सनं सगळं ऐकलं आणि हसत हसत जिन्यात खाली बसली.

“तुजी मांय आयकतली मगो!” मांय म्हणजे सासू. “सगळ्यो बायलो आयकतल्यो!”

ऐकणारच होत्या. ते पापडाचे दिवस होते. पेणला आमच्या अंगणात आळीतल्या बायका पोह्याचे पापड लाटायला जमायच्या आणि टेप मध्ये ठेवलेला असायचा. रात्री हे झोपले आणि मी छताकडे बघत मनातल्या मनात ती मुलगी ऐकली. अंगणात, उखळाशेजारी, क्रोशाच्या टोपऱ्यातून.

सकाळी यांना सांगून टाकलं. ते चहा पीत होते, कप खाली ठेवला. “म्हणजे आईला...” म्हणाले आणि बशीत सांडलेला चहा पुन्हा कपात ओतला. मग म्हणाले, “आता नोकरीचं राहू दे या वर्षी.”

मला वाटतं, त्यांनी हे म्हटलं नसतं तर मी राहू दिलं असतं. सवयच होती. पण रोज कणीक मळताना ऐकलेलं काहीतरी आत गेलं असणार. त्या दुपारी मी कोरी कॅसेट घातली. एसी बंद केला नाही. तालीम केली नाही. त्या पोरांचं कुठलंही गाणं संपायच्या आत माझं बोलून झालं होतं :

“आई, आधी आलेली कॅसेट चुकून आली. चूक माझी, कॅसेटही माझीच. मला ती आवडते. मला शाळेत नोकरी मिळते आहे आणि मला ती करायची आहे. हे म्हणतात आईला विचार, म्हणून विचारते. शाळेला उत्तर द्यायचं आहे. लवकर कळवा. इकडे धूळ फार आहे.”

ही कॅसेट मी स्वतः माणूस शोधून त्याच्या हातात दिली. तिच्यावर काहीही लिहिलं नाही.

उत्तर यायला वेळ लागला. मुख्याध्यापिकेचा एकदा निरोप येऊन गेला, मी आणखी थोडे दिवस मागून घेतले. मग यांच्या ऑफिसातला तो माणूस रजेवरून परतला आणि पापडांचं एक मोठं पुडकं, मेतकूट आणि कॅसेट देऊन गेला. पुडकं नेहमीच्या दुप्पट होतं. मला त्यात काही अर्थ दिसला नाही. अपराध्याला पापड कशाला पाठवतील, एवढंच मनात आलं.

यांनी कॅसेट लावली आणि माझ्या शेजारी बसले. एरवी ते आईची कॅसेट लागली की बनियन बदलायला उठायचे. आधी कावळा ओरडला. मग कुणीतरी खाकरलं.

ती कॅसेट अजून आहे. मुलानं मागेच ती फोनमध्ये घालून दिली. परवा नातीला हे सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, “बट व्हॉट डिड शी से?” मी तिच्या स्पीकरला फोन जोडायला लावला, आणि सलवाच्या त्या खोलीत, पिना लावलेल्या पोरीसमोर, पेणच्या आमच्या अंगणातून आई बोलल्या :

“चिरंजीव सूनबाईस अनेक आशीर्वाद. तुझी पहिली कॅसेट पोचली. पापडाला सगळ्या बसल्या होत्या तेव्हाच लावली. आधी वाटलं टेप बिघडला. मग वाटलं तुमच्याकडे मारामारी झाली. एक जण बंद करायला उठली, मी म्हटलं राहू दे, हात पिठाचे आहेत. मग बघते तर लाटणी ही अशी फिरायला लागली. उन्हं डोक्यावर यायच्या आत लाट्या संपल्या, असं आजवर कधी झालं नाही. त्यात ती एक पोरगी ओरडते, ती काय म्हणते मला कळत नाही, पण माझ्या सासूबाई होत्या तेव्हा मला तेच म्हणायचं होतं. दुसरी कॅसेट पोचली. आजवर तू कॅसेटीत काय सांगतेस ते मला कधी समजलं नाही, या वेळी समजलं. नोकरी धर. आणि त्याला सांग, उठसूट आईला विचारू नकोस, आईला पापड आहेत. त्या पोरांच्या कॅसेटची दुसरी बाजू कोरी आली आहे, तेवढं आणखी भरून पाठव. कळावे.”