उचलता येईल एवढी वीज

शरयूताई मला पहिल्यांदा दिसल्या त्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात, पोटाशी एक काळा खोका धरून चालताना. सत्तरीच्या बाई, अंगात सलवार-कमीज, पायांत धावायचे बूट. मागोमाग दुकानातला तरुण विक्रेता दोन्ही हात पुढे करून, आता पडतोय की मग पडतोय अशा चेहऱ्याने. बाई सरकत्या जिन्यापर्यंत गेल्या, वळल्या, परत आल्या, खोका जागेवर ठेवला आणि म्हणाल्या, "अगं आई गं! हा नको."

मला जपानमधल्या ओजिमाला येऊन जेमतेम महिना झाला होता. कानावर मराठी पडल्यावर मी लगेच पुढे झालो. "तुम्ही मराठी का?"

"आता ह्या वयात आणखी काय होणार?" त्या म्हणाल्या आणि पुढचा खोका उचलायला वाकल्या.

ते खोके म्हणजे पोर्टेबल पॉवर स्टेशन. भली मोठी बॅटरी, तिला घरातल्यासारखे प्लग लावता येतात. इथे लोक कॅम्पिंगला नेतात, भूकंपाच्या आणि वादळाच्या धास्तीने घरातही ठेवतात. मी आयटीतला माणूस, त्यामुळे न विचारता सल्ला देणं अंगवळणी पडलेलं. म्हटलं, "ताई, घ्यायचाच तर सगळ्यात मोठा घ्या. फ्रिज चालेल, एसी चालेल."

"आणि मी?" त्यांनी विचारलं. "वीज जाईल तेव्हा लिफ्टही जाईल. मी सातव्या मजल्यावर. तू तेव्हा ऑफिसात असशील. मला जे उचलत नाही ते माझ्या काय कामाचं?" पत्ता विचारला तर आमचीच इमारत निघाली. त्यांनी निवडलेला मधला खोका मी घरी पोचवायला निघालो, तर तोही त्यांनी अर्ध्या वाटेत माझ्याकडून काढून घेतला.

घरी त्यांचे यजमान अरुणराव होते. उभा जन्म एका व्यापारी कंपनीच्या नोकरीत जपानमध्ये काढलेला, बोलका, खाण्याचा शौकीन माणूस. फुप्फुसं कडक होत चालली होती. नाकाला नळी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन, रात्रंदिवस गुरगुरणारं. वीज गेलीच तर मशीनवाल्या कंपनीने दिलेलं सिलिंडर होतं, पण ते काही तासांचं. पूर्वी दर शरद ऋतूत नवराबायको तंबू घेऊन डोंगरातल्या एका तळ्याकाठी जात. आजारपणात ते बंद पडलं. "बाकी काही मागत नाहीत रे," शरयूताई म्हणाल्या, "एकदा तळ्याकाठी झोपायचंय म्हणतात." डॉक्टरांनी एका रात्रीची परवानगी दिली होती. अट एकच, मशीन बंद पडता कामा नये.

म्हणजे सगळं त्या खोक्यावर होतं. त्याच्या माहितीपत्रकातला आकडा बघून मी हिशेब मांडला आणि रात्र आरामात निघेल असं जाहीर केलं. त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मी शाळेत असतो तर अंगठे धरून उभा राहिलो असतो. एदोगावातल्या भारतीय शाळेत त्यांनी वर्षानुवर्षं भौतिकशास्त्र शिकवलेलं. "छापलेलं सगळं कुणाला मिळतं का? वाटेत थोडी वीज खोकाच खातो. करून बघायचं." एका रविवारी सिलिंडर उशाशी तयार ठेवून त्यांनी मशीन सकाळपासून खोक्यावर लावलं आणि समोर विणकाम घेऊन बसल्या. संध्याकाळी खोका थकला. रात्रीची झोप निघत होती, वर थोडी शिल्लक राहत होती. माझ्या हिशेबापेक्षा मात्र बरंच कमी.

त्याच दिवशी दुपारी एक प्रताप झाला होता. अरुणरावांना इडलीबरोबर खोबऱ्याची चटणी हवी झाली. मिक्सर पुण्याचा, इथल्या विजेवर चालत नाही, म्हणून आम्हा सगळ्यांच्या घरी असतो तसा विटेएवढा ट्रान्सफॉर्मर जोडलेला. अरुणरावांनी तो ट्रान्सफॉर्मर भिंतीत लावायचा सोडून हाताशी असलेल्या खोक्यात लावला. बटण दाबताच खोका टिटिट करून बंद, ऑक्सिजनचं मशीन केकाटायला लागलं. शरयूताईंनी काय केलं, तर शांतपणे मशीनचा प्लग भिंतीत लावला, नळी तपासली, नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. मग खोका पुन्हा सुरू करून मशीन त्यावर घेतलं आणि म्हणाल्या, "अहो, ह्याच्यावर फक्त श्वास. चटणी भिंतीवर." अरुणराव हसता हसता खोकले.

ऑक्टोबरात आम्ही गेलो. मी, माझी बायको, लेक आणि ते दोघं. कडाक्याची थंडी. बायकोने नुसता फोन चार्ज करू का विचारलं, तर ताईंनी मानेनेच नाही म्हटलं. ऑक्सिजनजवळ आग चालत नाही, म्हणून आमची शेकोटी लांब आणि त्या दोघांच्या खुर्च्या पलीकडे अंधारात. मी ताईंना म्हटलं, थोडं शेकून जा. "मला शेकायला हे आहेत," त्या म्हणाल्या आणि नवऱ्याच्या पांघरुणात हात खुपसून बसल्या. माझी लेक भाजलेलं कणीस घेऊन तिकडे धावली, जपानीत विचारलं, "आजोबा, दाइजोबु?" ठीक आहात ना? "एकदम दाइजोबु," अरुणराव म्हणाले.

सकाळी तळ्यावर धुकं होतं आणि मशीन गुरगुरत होतं. अरुणराव तंबूच्या तोंडाशी बसून पाण्याकडे बघत होते. शरयूताई मला म्हणाल्या, "झोपले रे. चांगले घोरले." त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

अरुणराव पुढच्या वसंतात गेले. मशीनवाल्या कंपनीची माणसं आली, खाली वाकून नमस्कार करून मशीन घेऊन गेली. खोका राहिला. शरयूताई तो नेमाने भरून ठेवत. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "सवय."

ऑगस्टात एका संध्याकाळी विजांचा कडकडाट झाला आणि आख्ख्या इमारतीची वीज गेली. मी धापा टाकत जिन्याने सातव्या मजल्यावर गेलो. दार उघडंच होतं. ताई जमिनीवर बसल्या होत्या. पुढ्यात खोका सुरू केलेला, त्याचा छोटा पडदा उजळलेला, त्यावर शंभर टक्के. प्लग एकही लावलेला नाही.

"ताई, दिवा तरी लावायचा!"

"अरे, हात आधी त्यांच्या वायरीकडेच गेला," त्या म्हणाल्या. "ती नाही म्हटल्यावर काय लावायचं ते सुचेना."

मी टेबलावरचा दिवा आणून लावला. खोलीत उजेड पडला. ताई कितीतरी वेळ त्या पडद्याकडे बघत होत्या.

"नुसत्या दिव्यावर किती चालेल रे?"

मी ह्या वेळी सगळं वजा करून सांगितलं. "चार दिवस तरी."

"बाई गं," शरयूताई म्हणाल्या. "एवढी वीज घेऊन मी काय करू?"