पाहुण्यांचा सोफा कडेला

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, नाचणगावच्या बुद्धविहारासमोरच्या मैदानात एका बाईचा अपमान झाला. ती बिछायत केंद्र चालवते. लग्नाचे, जयंतीचे, तेरवीचे मांडव बांधते. रंगमंच कसा बांधायचा हे मला तिनं शिकवलं. आणि तोच रंगमंच तपासायला आलेले परीक्षक तिला म्हणाले, "लेबरनं टेम्पोकडे थांबा. परीक्षा सुरू करायची आहे."

ती गेली. मी गप्प राहिले. दोन्ही लिहून ठेवते, कारण इथे मी कुणाला माफ करायला बसलेली नाही. स्वतःलाही नाही.

आमच्या नाट्य विभागात नेपथ्य शिकवायला कुणी नव्हतं. शेवटच्या वर्षी स्वतंत्र प्रकल्प घ्या, तुमचं तुम्ही शिका, एवढंच अभ्यासक्रमात छापलेलं. मी घेतला. विषय: गावातल्या बायांनी बसवलेल्या एकांकिकेसाठी उघड्यावरचा रंगमंच. तोवर मी मोर्चे काढले होते, पत्रकं लिहिली होती, पण मांडवाच्या बल्लीला, म्हणजे लाकडी खांबाला, सुतळीची गाठ मारता येत नव्हती. म्हणून या बिछायतवाल्या मावशीकडे गेले.

पहिल्याच दिवशी तिच्यापुढे नकाशा पसरला. पुस्तकं वाचून काढलेला; प्रेक्षकांच्या डोळ्यांपासून नटाच्या पायांपर्यंत लाल पेन्सिलीनं रेघा. मावशीनं चहाचा कप त्याच्यावरच ठेवला.

"काऊन वं, ह्या रेघा कोनाच्या डोळ्यातून निघाल्या?"

"प्रेक्षकांच्या."

"खुर्चीतल्या?"

"हो."

"आमी कधी बसलो खुर्चीत?"

आमच्याकडे कार्यक्रम म्हटला की पुढे पाहुण्यांचा सोफा, त्यामागे पुरुषांच्या खुर्च्या आणि सगळ्यात मागे सतरंजीवर बाया. बायांना सोफ्याची पाठ दिसते आणि आवाज ऐकू येतो. मी स्वतः आईच्या मांडीवर बसून अर्ध्याहून जास्त नाटकं अशीच 'ऐकली' आहेत. आणि समतेवर पत्रकं लिहिणाऱ्या माझ्याच नकाशात सतरंजी नव्हती! राग आला तो आधी मावशीचा, मग माझा. नकाशा घरी नेऊन फाडला.

मावशीची रीत उलटी. आधी सतरंजी घालायची. तिच्या शेवटच्या टोकाला आपल्या जावेला बसवायचं. मग स्टेजची लाकडी तखतं.

"पाय दिसते का वं?" मावशी तखतावर उभी राहून ओरडायची.

"गुडघे दिसते!" जाऊबाई मागून.

"उचला रे, अजून एक वीट लावा खाली!"

"लवकर लाव बाई, माया कंबरेत उसण भरली. पाय दिसले का मी घरी जाऊन राह्यली."

तीन दिवस हे चाललं. तखतं मागे चढत नेली, पुढची कड खाली आणली, बल्ल्या दोनदा उपटल्या. सगळं करूनही सोफा आडवा येतच होता. मावशी कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "ह्याले कडेले टाक." टाकला. खुर्च्या सगळ्यात मागे नेल्या. मी नव्यानं नकाशा काढला, या वेळी जमिनीवर मांडी घालून.

परीक्षक शहरातून आले, दोघं. सोफा पाहून थांबले. "आम्ही इथं? कडेला?" म्हणाले. मग ते लेबरचं वाक्य. मग एकांकिका झाली. एका प्रवेशात सून सासऱ्याला हो हो म्हणत पायाच्या अंगठ्यानं त्याची चप्पल लांब सरकवते. अख्खी सतरंजी खदखदून हसली. त्या हसण्यात माझी परीक्षा होती. ती मी पास झाले.

कागदावरची वेगळी झाली.

"मान्यवरांना कडेला बसवण्यामागे डिझाइनचा विचार काय?" एकानं विचारलं.

"विचार करणारी टेम्पोजवळ उभी आहे, सर. बोलावू?"

"परीक्षा तुझी आहे."

"शिकवलं तिनं."

त्यांनी पेन काढून शेरा लिहिला: हा रंगमंच नाही, मांडव आहे.

सोमवारी विभागात निरोप मिळाला. आठ दिवसांत हॉलमध्ये थर्माकोलचं मॉडेल मांड, समोर नीट खुर्च्या दाखव, पास करून टाकू. मावशीला सांगितलं तर ती दोर गुंडाळत म्हणाली, "घे ना वं डिग्री. मले तं लोक रोजच लेबर म्हनते."

त्या 'रोजच'नं माझं डोकं सणकलं. त्याच संध्याकाळी अर्ज लिहिला: फेरपरीक्षा त्याच मैदानात घ्या, मावशी माझ्या शेजारी उभी राहील, प्रश्न तिलाही विचारा.

"असा नियम नाही," विभागातून सांगण्यात आलं.

"तिला टेम्पोकडे धाडायचा नियम कोणत्या पानावर आहे?" मी विचारलं. ते पान अजून कुणी दाखवलेलं नाही. माझ्या गुणपत्रिकेत त्या विषयापुढे 'अपूर्ण' लिहिलं आहे. राहू दे. थर्माकोल मी आणणार नाही.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही पुस्तकं वाचता, म्हणजे आज ना उद्या तुम्हाला कुठली तरी खुर्ची मिळणार: परीक्षकाची, उद्घाटकाची, अध्यक्षाची. त्या दिवशी खुर्चीत टेकण्याआधी टेम्पोकडे चालत जा. ज्याच्या हातचं काम आहे त्याला सोबत घेऊन या, आणि पहिला प्रश्न त्यालाच विचारा.