अर्ध्या दाढीवर ऊठ म्हणाला

उजव्या गालाची दाढी झाली होती. डावा गाल अजून फेसात. अन् दुकानदारानं वस्तरा थांबवला.

मागनं आवाज आला होता. "आरं, हा आमच्या गावचा दिसतोय की."

मी आरशातच बघितलं. मागच्या बाकावर एक जण येऊन टेकला होता. पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, हातात मोबाईल. ओळखायला वेळ लागला न्हाय. आमच्या गावच्या पाटलाचा नातू. आज्याचं नाक जसंच्या तसं ह्याच्या तोंडावर.

"सटव्याचा न्हवं तू? म्हारवाड्यातला?"

आमी आमच्या लेखी बौद्ध. गावाच्या लेखी अजून म्हारवाडाच. मी पंचाहत्तरीच्या पुढचा, तो माझ्या पोराच्या वयाचा. तरी 'तू'.

मी म्हणालो, "व्हय. त्यांचाच."

आता मी त्या खुर्चीत कसा आलो ते सांगतो.

आमचं गाव मैंदर्गीच्या पलीकडं. गावचा न्हावी आमच्या वस्तीत येत नव्हता. माणूस वाईट न्हवता. पण त्याचा हात पाटलाच्या गालाला लागायचा. तो आमाला लागला असता तर गावानं त्याचं धान्य बंद केलं असतं. माझा बाप पत्तीचा तुकडा बोटात धरून, बादलीतल्या पाण्यात तोंड बघून दाढी करायचा. मीबी तसाच शिकलो.

पुढं सोलापुरात गिरणीत लागलो. हितं गल्लीगल्लीत दुकानं. जात कोण विचारत न्हाय. पण मी गेलो न्हाय. ज्या दारानं एकदा हाकललं, त्या दारात आपणहून जायचं न्हाय, असं मनात धरलं. केसं बायको कापायची, ती गेल्यावर पोरगा. दाढी माझी मी. आख्खी हयात तशी काढली.

आता हात कापतो. नातीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी हनुवटी कापून घेतली. रक्त थांबंना. पोरगा म्हणाला, "अण्णा, बास झाला हट्ट. मी नंबर लावलाय. एकदा तरी खुर्चीत बसा."

दुकान नवीन, थाट जुना. पितळी वाटी, केसाळ ब्रश, उघडा वस्तरा, तोंडावर गरम टॉवेल. मान मागं टाकली तवा डोळे भरले. ते काय लिहीत न्हाय.

तर वस्तरा थांबला.

पाटलाचा नातू म्हणाला, "ऊठ की. मला सुपारी फोडायला जायचंय. तुला कुटं नवरदेव व्हायचंय?"

बाकावरचे दोघं तिघं हसले.

दुकानदार माझ्या कानाशी वाकला. "बाबा, जरा बाजूला बसता का? त्यांचं उरकतो, मग तुमचं."

अन् मी उठलो.

खरं सांगतो, उठलो. मनाला विचारायच्या आधी पाय उठले. गळ्यातलं कापड दोनी हातांनी पोटाशी गोळा केलं, कुणाला लागू नये म्हणून. आरशात बघितलं. खांदे पडलेले, मान खाली, अर्ध्या तोंडावर फेस. पाटलाच्या वाड्याच्या अंगणात माझा बाप असाच उभा राहायचा. मला कुणी धरून उठवलं न्हवतं. माझा मीच उठलो होतो. पाटलाच्या नातवाचा राग नंतर आला. आधी माझ्या पायांचा आला.

मी परत खुर्चीत बसलो. जोरात.

"न्हाय उठत."

"काय म्हणाला?"

"उठत न्हाय म्हणालो. नंबर माझा हाय. बसा तितं."

हसणं थांबलं. तो तोंड वाकडं करून दुकानदाराला म्हणाला, "बरं, बसू दे. पण तो ब्रश मला लावायचा न्हाय हां. दुसरा काढ."

"मालक, पत्ती नवीन टाकतो की दर गिऱ्हाइकाला."

"पत्तीचं कोण बोलतंय? ब्रशाचं बोलतोय मी."

माझ्या तोंडाला लावलेला ब्रश दुकानदारानं उचलला अन् गुपचूप खालच्या फळीवर सारला. कपाटातनं नवीन पाकीट काढलं. मला वाटतंय, त्याला वाटलं म्हाताऱ्याला दिसणार न्हाय. पण समोर आख्खा आरसा.

"तो ब्रश वर ठेव," मी म्हणालो.

"बाबा, माझ्या धंद्याचं बी बघा की."

"तेच बघतोय. तुझा आजाबी कुठल्या तरी पाटलाच्या पायरीवर उकिडवा बसून दाढ्या करत असंल. त्याला खुर्ची न्हवती. ही खुर्ची तुझी हाय. हिच्यात कोण बसायचं ते तू ठरव. मला काढायचं तर हाताला धरून काढ. मी आपणहून उठणार न्हाय."

मान मागं टाकली. गळा उघडा. वस्तरा त्याच्या हातात. गालावरचा फेस वाळून ओढायला लागला. बाकावरचा एक जण पेपर बघत होता, पान उलटत न्हवता.

दुकानदार उभाच. मला त्याचा श्वास ऐकू येत होता.

मग त्यानं नवीन पाकीट कपाटात परत टाकलं अन् वाकला. खालच्या फळीवरचा ब्रश काढला, गरम पाण्यात बुडवला अन् माझ्या डाव्या गालाला परत फेस लावला.

"अस्सं," पाटलाचा नातू उठला. "दुकान कसं चालतंय बघतोच तुझं." दार आपटून गेला.

त्याच्या मागं आणखी एक जण गेला. पेपरवाला बसून राहिला.

दाढी झाली. टॉवेल ठेवताना दुकानदार म्हणाला, "माफ करा बाबा." माफी वाटायला मी गेलो न्हवतो. दाढी करायला गेलो होतो. अन् ब्रश फळीवर सारताना त्याचा हात अडखळला न्हाय, ते मी बघितलं होतं.

घरी सगळ्यांनी समजावलं. आता कशाला तितं, वाद कशाला, गावापातुर जाईल. पोरानं दाढीची मशीन आणली. मी ती खोक्यात घालून परत दिली.

मी तितंच जातो. रविवारी, बाकावर जागा नसती तवा. खुर्चीत बसायच्या आधी उभा राहून सांगतो, गाव कुठलं, वस्ती कुठली, बाप कोण. सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग मान मागं टाकतो. ज्याला माझ्या मागनं त्या खुर्चीत बसायचं न्हाय, त्यानं दाढी वाढवावी.