सात वाजताची फेरी

३ जून १९६८, सोमवार. खिशात एकशे पाच रुपये, त्यांतले साठ माझ्या वडिलांनी, आप्पांनी दिलेले. गडहिंग्लजच्या स्टँडवर निरोपाला आप्पा, आई म्हणजे आमची आव्वा आणि धाकटी बहीण, असे तिघे. निघणारे आम्ही दोघे, मी आणि सुमन. लग्नाला दोन महिने झाले होते. आव्वानं भाकरीचं गाठोडं दिलं आणि पोचल्यावर कागद टाकायला सांगितलं. आप्पा खिडकीशी आले. तीस वर्षं ते आपल्या किराणा दुकानाच्या गादीवर सकाळी सहा ते रात्री नऊ बसत आले होते. तेवढ्याच आधारावर ते म्हणाले, "कामाव बसून ऱ्हा. बसल्याला माणूस मालकाला दिसतोय, आनि दिसतोय त्योच टिकतोय."

गावात राहिलेल्यांना हे वाक्य पाठ असेल. आमच्यासारखे जे बाहेर पडले, त्यांनी ते बरोबर नेलं असेल. मी पाच वर्षं पाळलं.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत दोन खोल्या मिळाल्या आणि एका फौंड्रीच्या ऑफिसात कारकुनी. लोखंडी ओतीव माल बनवणारा कारखाना, भट्टीवर आणि साच्यांवर मिळून सत्तर माणसं, ऑफिसात आम्ही पाच. वेळ सकाळी नऊ ते रात्री आठ, मध्ये एक तास जेवण; सहानंतरचे दोन तास जादा वेळेचे, त्याचे महिन्याला बावीस रुपये. माझ्याकडे कामगारांच्या मजुरीची कार्डं आणि माल बाहेर पाठवण्याच्या चिठ्ठ्या.

मालक रोज सात वाजता ऑफिसात फेरी मारत. ज्याचं टेबल रिकामं दिसेल त्याला विचारत, "काम न्हाय वाटतं?" आणि दुसऱ्याचं काम त्याच्यापुढे ठेवत. त्यामुळे ऑफिसात एक रीत पडली होती. दुपारी पुरं झालेलं काम ड्रॉवरमध्ये सरकवायचं आणि पावणेसातला पुन्हा टेबलावर पसरायचं. ही रीत मला हेडक्लार्क तात्यांनी पहिल्याच आठवड्यात शिकवली. एकदा मी सहालाच पिशवी उचलली तर ते सगळ्यांदेखत म्हणाले, "काय पावणं, आज मुक्काम न्हाय व्हय?" मी पिशवी खाली ठेवली.

मला मोजायची खोड आहे. एक महिना मी एका वहीत टिपून ठेवलं. सकाळी तासाला वीस कार्डं होत, चूक एखादी. संध्याकाळी पाचनंतर तासाला आठ, त्यांतली तीन दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहावी लागत. दहा तासांच्या हजेरीत काम जेमतेम साडेसहा तासांचं होतं. पण वही दाखवायची कुणाला?

१९७३ च्या जूनमध्ये सुमनला नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली. दुपारची शाळा, बारा ते साडेपाच. आमची शैला तेव्हा चार वर्षांची. पहिले काही दिवस सुमनची आई येऊन राहिली, पण तिला तिचं घर होतं. आप्पांचं पत्र आलं: पोरीला इकडे पाठवा, शाळेत जायची झाली की बघू. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी ते स्वतः न्यायला येणार होते. सुमननं शैलाचे कपडे घड्या घालून एका ट्रंकेत वेगळे ठेवले, आणि मग तीन दिवस त्या ट्रंकेकडे पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात एक भानगड झाली. पंपाच्या कास्टिंगचा मोठा माल सांगलीला जायचा होता. ट्रक पाचला आला, गेटवर चिठ्ठी नाही म्हणून ऑफिसात न विचारताच रिकामा गेला. सातला मालक फेरीला आले ते तापूनच. चिठ्ठी कुठं अडकली? तात्या छताकडे बघू लागले. मी ड्रॉवर उघडला.

"मालक, चिठ्ठी हितं हाय. बारालाच लिहून झालती."

"मग दिली का न्हाईस?"

"सातला टेबल रिकामं दिसू ने म्हणून."

नोकरी गेली असंच मी धरलं होतं. मालकांनी इतर चौघांना ड्रॉवर उघडायला लावले. सगळे भरलेले. ते माझ्या खुर्चीत बसले. मग म्हणाले, "आनि मी म्हंतोय, दिवं जळत्यात म्हंजे काम चाललंय. लाइटबिल माझंच की."

दुसऱ्या दिवशी मी वही नेली आणि स्पष्ट सांगितलं: सकाळी सहा ते अकरा येतो, संध्याकाळी सहा ते आठ येतो. संध्याकाळी उद्याच्या मालाची यादी घेईन, सकाळी चिठ्ठ्या लिहून थेट गेटवर देईन. मधला वेळ मला घरी लागतो, मुलगी लहान आहे. त्यांनी वही दोनदा वाचली. जुलैचा एक महिना दिला. अट अशी की जादा वेळेचे बावीस रुपये बंद, आणि एक जरी माल चिठ्ठीपायी अडला तर पुन्हा नऊ ते आठ.

तो जुलै मी कसा काढला ते मलाच माहीत. पाऊस, सायकल, आणि अकरा वीसला दारात उभी असलेली सुमन. पण माल एकदाही अडला नाही. पाच वर्षं त्या खोल्यांत राहून दुपारचं घर मी धड पाहिलं नव्हतं. सुट्टीच्या दुपारी झोपलेलो असे. मागच्या खिडकीतून तीनला कवडसा येतो आणि शैला त्यात सावल्या पाडत बसते, हे मला त्या महिन्यात कळलं.

महिनाअखेर मालकांनी स्वतः गेटचं रजिस्टर तपासलं आणि एवढंच म्हणाले, "चालू दे तुझं." सातची फेरीही त्यांनी बंद केली. आता सर्वांत आधी तात्याच घरी जाऊ लागले.

आप्पा रविवारी आले. सुमन त्यांना दोन दिवस राहा म्हणाली. सोमवारी भर दुपारी मला चुलीपुढे शैलाला भात भरवताना पाहून त्यांनी आवाज उतरवून विचारलं, "नोकरी हाय न्हवं?" मी सगळं सांगितलं. त्यांना पटलं असं म्हणवत नाही. मला घेऊन त्यांनी फौंड्रीच्या गेटपर्यंत जाऊन खात्री केली. परत येताना म्हणाले, "मी दुकानात बसून ऱ्हायलो, म्हणून तू कवा मोटा झालास ते मला दिसलंच न्हाय बघ." आणि थोडं थांबून, "पोरगी ऱ्हाऊ दे हितं."

आज शैला कॉलेजात आहे. गडहिंग्लजला जातो तेव्हा आपल्या गावी आलो असं वाटतंच. पण घर मी त्याला म्हणतो, ज्याच्या सकाळ, दुपार, संध्याकाळ तिन्ही मला ठाऊक आहेत. असं घर मला मंगळवार पेठेत मिळालं.

त्या ऑगस्टातल्या मंगळवारी दुपारच्या गाडीनं आप्पा परत गेले; मी आणि शैला पोचवायला स्टँडवर होतो. कंडक्टरनं शैलाकडे बोट करून अर्धं तिकीटही फाडू का, असं विचारलं. मी नको म्हणालो. गडहिंग्लजच्या एका पूर्ण तिकिटाचे तीन रुपये तीस पैसे कंडक्टरला दिले.